तिसरी वायर

हसा पोरांनो, हसून घ्या. ते दार तेवढं लोटा, पठारावरचा वारा हाडात शिरतो. गाडी मिस मारते आणि दोष सापडत नाही तेव्हा काय करायचं, असं विचारलंत ना? मग निकानोरचं ऐका. माझ्या चांगल्या ओळखीचा. ओरुरोच्या गाडीतळावर त्याची गाडी लागायची.

सेवेरो आमच्यातला मेकॅनिक. भला माणूस, अचानक गेला. मागे बायको लुसिला, एक लहान पोर आणि एक जुनी मिनीबस. ती विकून लुसिलाला सूपची टपरी टाकायची होती. निकानोर सेवेरोचा कोंपाद्रे, सेवेरोच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला यानेच तिला हातात धरलेलं, म्हणजे भावापेक्षा जवळचा. तो गाडी बघायला गेला. लुसिला चहा आणायला आत वळली आणि याने तिसऱ्या प्लगची वायर ढिली केली. इंजिन अडखळायला लागलं.

"वहिनी, इंजिन संपलंय हिचं. तुम्ही आपल्या म्हणून घेतो."

पडेल भावात गाडी उचलली. लुसिला आजही लोकांचे कपडे धुते. मला हे सगळं नंतर कळलं. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

घरी नेऊन त्याने वायर घट्ट बसवली, पण मिस काही जाईना. कधी चढावर, कधी सपाटीला, कधी आठवडाभर नाहीच. माझ्या गॅरेजात आणली की गाडी गुणी पोरीसारखी चालायची. प्लग बदलले, कॉइल बदलली, वायरी नव्या टाकल्या. शेवटी मी म्हणालो, काळोखात बोनेट उघड आणि वायरींवर पाणी शिंपड. करंट गळत असेल तिथे निळी ठिणगी दिसेल.

आता या शहाण्याने रात्र कोणती निवडावी? एक नोव्हेंबरची. आपली गेलेली माणसं त्या रात्री घरी जेवायला असतात. अख्खी वस्ती त्यांच्यासाठी खाण्यापिण्याची टेबलं मांडून बसलेली. मीही लुसिलाकडे सेवेरोच्या टेबलापाशी जागत होतो. निकानोरला मात्र सकाळी लोकांना दफनभूमीवर न्यायच्या फेऱ्या मारायच्या होत्या, धंदा बुडवायचा नव्हता. तो गाडी घेऊन एकटाच गावाबाहेर गेला.

दिवे बंद केले. इंजिन चालू ठेवलं. पाणी शिंपडलं. ठिणगी कुठेच नाही.

मग पहिल्या प्लगच्या डोक्यावर निळं काहीतरी चमकलं. वायर वर उचलल्यासारखी. इंजिन लंगडलं... श्वासभर. परत सरळ.

मग दुसऱ्यावर. श्वासभर... परत सरळ.

निकानोर गारठला. मेकॅनिक असंच तपासतो. एकेक वायर उपटतो, कान देतो, परत बसवतो. सेवेरोची तर ती सवयच. पण समोर कुणी नव्हतं.

मग तिसरा.

ठिणगी विझली. इंजिन लंगडतच राहिलं.

"कोंपाद्रे...?"

इंजिन थांबलं.

किती वेळ गेला, त्याला सांगता येईना. त्याने टॉर्च लावला. तिसऱ्या प्लगवर वायरच नव्हती. गाडीखाली नाही, रस्त्यावर नाही...

उंदराने नेली म्हणतोस? नेली असेल बाबा. पुढचं ऐक.

तो धावतपळत आला. मी लुसिलाकडे आहे हे ठाऊक होतं म्हणून तिच्या दारात आला, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. बाहेरच बसून ढसाढसा रडला आणि ढिल्या वायरीचं सगळं मला सांगून मोकळा झाला. मला त्याची दया आली नाही. आत लुसिला ऐकत उभी होती. तिने बोट फक्त टेबलाकडे केलं.

रात्रभर आम्ही सहाजण तिथे जागे होतो. दार उघडलं ते निकानोरसाठीच. सेवेरोच्या नावाचा पाव आणि चिचाचा, मक्याच्या दारूचा, पेला, मधोमध काळी वायर. मी आदल्या महिन्यात टाकलेली, माझ्याच हातची.

बाहेर पाणी गोठलं होतं. मी वायर उचलली...

गरम होती.