फर्डिनांडचे वण

"भोकं कुठे गेली?" ओवेनने काचेच्या कपाटाला नाक टेकवून विचारलं.

संचितानेही वाकून पाहिलं. कोलशेतच्या सभागृहातल्या दसरा प्रदर्शनासाठी ओवेनने 'फर्डिनांड'ची प्लॅस्टिकची प्रतिकृती केली होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे रणगाडे फोडण्यासाठी जर्मनांनी बांधलेलं ते पोलादी धूड रशियातल्या एका संग्रहालयात आजही उभं आहे. त्याच्या चिलखतावरचे तोफगोळ्यांचे वण ओवेनने फोटोंत निरखून, तापवलेल्या सुईने एकेक उमटवले होते. सगळा पावसाळा त्यात गेला होता. आज मात्र प्रतिकृती नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी गुळगुळीत दिसत होती, आणि परीक्षक तासाभरात येणार होते.

"चोराने बदललीय," त्यांचा मित्र साईनाथ कुजबुजला.

"चोर रंग मारून जातो का रे?" संचिता म्हणाली. " तोफेच्या नळीवर बघ. हळदकुंकू."

काल खंडेनवमी होती. पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत सभागृहातल्या झाडून साऱ्या यंत्रांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या. कपाटाची किल्ली सभागृहाचे सचिव रवींद्रकाका यांच्याकडेच असे. ते दारावर तोरण बांधत होते; तिघांनी त्यांनाच गाठलं.

"हो, मीच केलं," काका अभिमानाने म्हणाले. "पूजेला फुटकं शस्त्र ठेवतात होय? पुट्टी भरली, रंग दिला. आभार मानायचे सोडून तोंडं काय पाडताय?"

"काका, ती भोकं मुद्दाम केलेली," ओवेनचा आवाज चिरकला. "खऱ्या फर्डिनांडलाही आहेत."

"मग त्याची निगा कोणी राखली नाही. कपाट आता उघडायचं नाही. जा, खेळा."

पालथ्या घड्यावर पाणी! संतापाने संचिताचे डोळे भरून आले. तिने एक जाड पुठ्ठा ओढला आणि ठसठशीत अक्षरांत लिहून तो कपाटाला टेकवून ठेवला.

स्वतःचं नाव पाहून काका आधी हसले. मग त्यांनी सगळं वाचलं: "मूळ फर्डिनांडवरच्या युद्धाच्या खुणा या प्रतिकृतीत बुजवल्या आहेत. संपूर्ण श्रेय: श्री. रवींद्र, सचिव."

"हे काय गं?"

"तुमचं श्रेय, काका. परीक्षक निवृत्त सुभेदार आहेत ना? त्यांना आधी हेच दाखवू."

"भलतंच काय! काढ ते."

"काढते की. तुम्ही कपाट उघडा."

काकांनी मुकाट्याने किल्ली काढली. पुट्टी अजून मऊ होती. संचिताची केसांतली पिन, साईनाथची टाचणी आणि ओवेनची सुई एकदम कामाला लागल्या. शेवटचं भोक मोकळं होतं न होतं तोच दारात बुटांचा आवाज झाला.

परीक्षक सुभेदार विठ्ठलराव प्रतिकृतीसमोर येऊन वाकले. मग त्यांनी एका भोकावर हलकेच बोट ठेवलं.

"रंग जरा ताजा दिसतो," ते म्हणाले, "पण खुणा झाकल्या नाहीत, हे फार चांगलं केलंत. आत माणसं बसलेली असतात, ते अशा खुणांवरूनच कळतं. शाबास, पोरांनो. पहिला क्रमांक हिलाच."

ओवेनने मान खाली घातली.

"मार्गदर्शन आमचंच होतं, साहेब," मागून रवींद्रकाका म्हणाले.

संचिताने कपाळावर हात मारून घेतला.