हेमलता अ‍ॅडजस्ट झाली

चंद्रावरून परतलेल्या माणसाला काही दिवस स्वतःचे हातपाय जड वाटतात. मुकुंद साळपेकरला घरच जड झालं होतं. चंद्रावरच्या वसाहतीत पाण्याचे पंप सांभाळून आठ वर्षांनी तो मिरजेला आला, तेव्हा बायकोने, हेमलताने, हसून दार उघडलं, प्रवासाची चौकशी केली आणि आत जाऊन चहा केला. स्वतःपुरता.

"अगं बाई! तुमचा राहिलाच की हो!"

महिनाभर रोज हेच. मुकुंद मागायचा, मग ती करायची. झोपाळ्यावर ती मधोमध बसायची. रागावली असती तर त्याने पाय धरले असते. पण ती रागावलेलीही नव्हती.

हे सगळं 'सवयक' नावाच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या यंत्राचं काम. चंद्रावर जाणाऱ्यांच्या घरच्यांना ते कानामागे फुकट बसवून मिळे. मेंदूला एक जुनी खोड आहे: जे रोजचं, त्याची तो दखल घेत नाही. मनगटावरचं घड्याळ जाणवत नाही, आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. सवयक ही खोड वाढवतो. वर्षांची सवय दिवसांत लावतो. मुकुंद निघाला तेव्हा हेमलता फार रडली होती. सासरमाहेरच्या झाडून सगळ्यांनी तिला सांगितलं, अ‍ॅडजस्ट कर. सगळ्यांत आधी मुकुंदनेच.

"त्यांना तुमच्या नसण्याची सवय झालीय," डॉक्टर उल्का मुजुमदार म्हणाल्या. सवयक त्यांनीच बनवला होता.

"पण आता मी आहे ना!"

"मेंदूला ते पटायला हवं." डॉक्टर म्हणाल्या. "अ‍ॅडजस्ट हे क्रियापद कुठून आलं, ठाऊक आहे? लॅटिनमध्ये 'शेजारी' अशा अर्थाचा एक शब्द होता. त्यावरून फ्रेंचमध्ये जवळ आणणं, जोडणं. इंग्रजीत यंत्राचे भाग जुळवणं, मग माणसाने परिस्थितीशी जुळवून घेणं. आपण ते एसटीच्या बाकड्यावर वापरलं, नव्या सुनेवरही वापरलं. मीसुद्धा तेवढाच अर्थ धरला. जवळ आणायचं राहून गेलं."

"मग काढून टाका ते."

"काढता येतं. पण सवयक दुःख पुसत नाही हो, फक्त जाणवू देत नाही. काढलं की आठ वर्षांचा एकटेपणा एकदम अंगावर येईल. एका बाईंचं काढलं होतं. पुन्हा माझा हात धजत नाही."

घरी येऊन त्याने हेमलतालाच विचारलं.

"कशाला काढायचं?" ती मायेने म्हणाली. "मला काही त्रास नाही."

तिला नव्हता. त्याला होता, आणि तो सोसवेना. पुढच्याच आठवड्यात मुकुंदने स्वतःच्या कानामागे सवयक बसवून घेतला. त्याने चहा मागणं सोडलं, झोपाळ्याकडे बघणं सोडलं.

मेंदूला बदल मात्र कळतो. सकाळचं ते मागणं बंद झालं आणि हेमलताला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. काय ते उमगेना. एके दिवशी तिने न मागता दोन कप चहा केला. एक त्याच्यापुढे ठेवला आणि झोपाळ्यावर एका कडेला सरकून बसली.

"अहो," तिने हाक मारली.

मुकुंद पेपर वाचत होता. त्याला ऐकू आलं, पण वर बघावंसं वाटलं नाही. चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी तिने एकच कप केला.