विमानातल्या बॅटरीवरचं कुंकू

लाइट काही आता येत नाही, तेव्हा सरका जवळ. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी भुताखेतांवर लगेच विश्वास ठेवणारा माणूस नाही. मला कुणी दूध दिलं तरी मी आधी त्यात पाणी किती ते बघतो. पण ही गोष्ट अभिमनची आहे. भडगावचा अभिमन, माझ्या मावसभावाचा मुलगा. त्याच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली, आणि तिन्ही वेळा त्यात एका शब्दाचाही फरक पडला नाही.

साल दोन हजार चौदा. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र.

धुळ्याबाहेर विमानाची धावपट्टी आहे ना, तिथे तेव्हा एका बियाण्याच्या कंपनीचं छोटं विमान असायचं. अभिमन त्याचा मेकॅनिक. विमानात चालकासमोर हाताच्या पंजाएवढा एक इलेक्ट्रॉनिक पडदा होता. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मधे रेघ. अंधारात किंवा ढगात माणसाला वर कुठे नि खाली कुठे कळत नाही, ते हा पडदा दाखवतो. आणि विमानाची सगळी वीज गेली तरी तो चालू राहावा म्हणून त्याच्या पाठीमागे त्याची स्वतःची बॅटरी असते. ती दर काही वर्षांनी बदलावी लागते. बदलली की मुख्य वीज बंद करायची आणि पडद्यासमोर बसायचं. अर्धा तास तो बॅटरीवर चालला तर पास, आणि मगच मेकॅनिकने कागदावर तशी सही करायची.

हे काम त्याला निंबाभाऊंनी शिकवलं. हाडाचा कारागीर माणूस. दाढ दुखायची म्हणून गालात कायम लवंग. नवीन बॅटरी बसवण्याआधी तिला कुंकवाचं बोट लावायचे. आणि एखादी नापास झाली, तर अंगठ्याने ते कुंकू पुसून ती बाजूला टाकायचे. अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची जुनी तिरपी खूण होती. ते म्हणायचे, "अभिमन, जो अर्धा तास बसस नही, त्यानी सही करानी नही."

आदल्या पावसाळ्यात निंबाभाऊ गेले. म्हणजे ती आखाजी त्यांच्या नावाची पहिली. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या बायकोने, कमलबाईने, अभिमनला निरोप दिला होता, "भाऊ, घागर तूच आनजो. त्यासना हातखाल शिकना तू."

त्यात दुसरी गोष्ट अशी, की अभिमनच्या आईचं, यशोदाबाईचं, मुंबईला हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. कंपनीचे मालक दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंधारातच विमानाने मुंबईला निघणार होते आणि मागची एक जागा रिकामी होती. मालकच म्हणाले, आईला बसव. म्हातारी चार दिवसांपासून पिशवी भरून बसली होती.

संध्याकाळी अभिमनने नवी बॅटरी काढली, कुंकू लावलं, बसवली. मुख्य वीज बंद केली. पडदा छान चालू. दहा मिनिटं झाली असतील, आणि त्याच्या मनात आलं, कुंभार दुकान आवरतील. घागर राहिली तर कमलबाईला काय तोंड दाखवू? निंबाभाऊंचंच काम आहे, चालवून घेतील. त्याने पडदा बंद केला, झाकणाचे स्क्रू आवळले, प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा थेंब सोडला. स्क्रूला कुणी हात लावला तर तो रंग तडकतो. सही केली, हँगरला कुलूप घातलं, आणि गेला.

घागर मिळाली. मोटारसायकलच्या मागे बांधली. पण परतताना त्याला भिकन आठवला. भिकन म्हणजे तिथला राखणदार. महिन्याभरात हँगरमधून दोनदा वायर चोरीला गेली होती, आणि आज संध्याकाळी झाडायला म्हणून भिकनने दोनदा चावी मागितली होती. झाडायला? रात्री? अभिमनच्या डोक्यात किडा शिरला. याने नवी बॅटरी काढून विकली तर? आणि त्याच विमानात आई! त्याने गाडी वळवली.

बीजेच्या चंद्राची कोर केव्हाच मावळली होती. भिकन लांब फाटकापाशी खाटेवर पडलेला.

"कोनी उनं व्हतं का रे?"

"कोनी नही, भाऊ. मी आठेच बशेल शे. चावी तर तुमनाजोडे."

चावी खरंच अभिमनच्याच खिशात होती. तरी अभिमनने त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. हँगर उघडला. टॉर्च घेऊन विमानात चढला, डाव्या खुर्चीत बसला. स्क्रू बघितले. एकाही थेंबाला तडा नव्हता. उगाच त्या गरिबावर संशय घेतला, असं त्याला वाटलं. तो उठायला लागला...

आणि पडदा उजळला.

त्याने हात लावला नव्हता. मुख्य वीज बंद होती. वर निळं, खाली तपकिरी.

"भिकन!" तो ओरडला. "काय चालू केलंस रे?"

लांबून, फाटकापासून, उत्तर आलं, "काय भाऊ?"

म्हणजे भिकन तिथेच होता.

मग वास आला. लवंगेचा.

उजवीकडची खुर्ची करकरली. कातडं हळूहळू दबलं. कुणीतरी बसल्यावर दबतं, तसं...

अभिमनने मान वळवली नाही. तो मला म्हणाला, "आबा, मान वळवली असती तर मी मेलो असतो." त्याला पळायचं होतं. त्याने खुर्चीची कड घट्ट धरली. शेजारी श्वासाचा आवाज नाही. काहीच नाही. नुसता वास.

तो पडद्याकडे बघत राहिला.

बघत राहिला.

...

मग मधली रेघ थरथरली. एकदा. पुन्हा एकदा. आणि पडदा काळा झाला.

त्याने घड्याळावर टॉर्च मारला. संध्याकाळची दहा मिनिटं आणि ही, मिळून अर्धा तास भरत नव्हता.

खुर्ची करकरली. कातडं वर आलं.

त्यानेच ते पिवळे थेंब फोडले, झाकण काढलं. आत त्याचीच बॅटरी. तोच नंबर. पण त्याने लावलेलं कुंकू पुसलेलं होतं. वरून खाली, अंगठ्याने.

त्याच रात्री त्याने मालकाच्या बंगल्यावर जाऊन सांगितलं, विमान उडणार नाही. शिव्या खाल्ल्या. घागर कमलबाईकडे पोचवली आणि आईला चाळीसगावहून रेल्वेने नेलं. ऑपरेशन झालं, म्हातारी अजून ठणठणीत आहे. बॅटरी पुढे फोडून बघितली, तर वरचं लेबल नवं आणि आतला माल जुना. विकणाऱ्यानेच फसवलं होतं. बिचाऱ्या भिकनचा काही दोष नव्हता.

त्या बॅटरीचं वरचं झाकण अभिमनच्या घरी देवाजवळ ठेवलेलं आहे. मी पाहिलंय. कुंकवाच्या त्या फराट्यात मधोमध एक तिरपी रेघ कोरी राहिली आहे. मी संशयी माणूस. अभिमनचा अंगठा धरून बघितला, त्यावर खूण नाही. धुळ्याला जाऊन भिकनचा बघितला. मालकाच्या ड्रायव्हरचा बघितला. कुणाच्याच अंगठ्यावर नाही.

एकच अंगठा बघायचा राहिला. आणि तो तर आदल्या पावसाळ्यातच पांझरेच्या काठावर जळाला होता. खांदा द्यायला मी स्वतः होतो.