वळणाचा वाटा

रावसाहेब खर्डेकर अश्वगती प्रयोगशाळेत शिरले तेव्हा एक तांबडी घोडी सरकत्या पट्ट्यावर दौडत होती आणि डॉ. हेमांगी तोरणे तिच्या पायांवरचा भार मोजत होती. रेसक्लबच्या अध्यक्षांना तिने बसा म्हटले नाही.

"बाई, तुमचा तो जुना अहवाल हवाय," ते उभ्यानेच म्हणाले.

"तुम्ही फेटाळलेला?"

"तोच. टोमणे नंतर मारा."

आठ वर्षांपूर्वी हेमांगीचा थोरला भाऊ दिगंबर जॉकी होता. शेवटच्या वळणावर त्याचा घोडा आतल्या कठड्यापासून तीन मीटरांहून जास्त बाहेर गेला आणि हरला. हरण्यासाठी घोडा मुद्दाम ओढला, असे ठरवून खर्डेकरांनी त्याला आजन्म बंदी घातली. तेव्हापासून दिगंबर फलटणला लोकांच्या नजरा चुकवत जगत होता. तो निर्दोष असल्याचा अहवाल हेमांगीने दिला. खर्डेकरांनी तो पान न उलटता परत केला.

मध्यंतरी जॉकी गेले, यंत्रस्वार आले. वळणावर तीन मीटरांपलीकडे गेलेला घोडा स्वाराने ओढलेला धरायचा, हा नियम तोच राहिला. यंत्राला हुकूम देणारा मालक हाच स्वार, एवढी भर खर्डेकरांनी स्वतः घातली. आणि गेल्या रविवारी त्यांचाच घोडा 'गगनवेध' त्याच वळणावर बाहेर गेला आणि त्यांच्यावरच चौकशी बसली.

"फेटाळणाऱ्याने तो बरोबर असल्याचं लिहून दिल्याशिवाय चौकशी समिती अहवाल उघडणार नाही," हेमांगी म्हणाली.

"देतो की लिहून!"

"त्यातलं सूत्र सगळ्यांना सारखंच लागेल. एकदा वाचून तरी बघा."

"वाचायचं काय त्यात? वळण वाईट, घोडा निर्दोष!" त्यांनी फर्रकन सही केली.

हेमांगीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

चौकशीला निवृत्त न्यायाधीश सबनीस होते. "मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "सोपं करून सांगा."

"सरळ पट्टी संपते आणि वर्तुळाचा तुकडा एकदम सुरू होतो. मधे हळूहळू वाकणारा संधिवक्र नाही. वळायला बाजूचा जोर लागतो, तो घोड्याला एका पावलात मिळत नाही. तोवर तो बाहेर सरकतो. याला मी वक्रसरण म्हणते. वेग दुप्पट, तर सरण चौपट."

"लगाम न ओढता?"

"लगाम सैल सोडला तरी. सुस्त घोडा कठड्याला चिकटून जातो."

"म्हणजे तुमचा नियम नेमका चांगल्या घोड्यांना पकडतो!" सबनीस खर्डेकरांना म्हणाले.

"तेच तर मी सांगतोय, साहेब."

"माझ्या भावाच्या घोड्याचा वेग सेकंदाला १७.२ मीटर होता. सूत्राने सरण येतं ३.४० मीटर. चित्रफितीत मोजलेलं, ३.४०."

सबनीसांनी दोनदा पडताळून पाहिले आणि लिहिले: दिगंबर तोरणे निर्दोष, बंदी रद्द. हेमांगीने डोळे मिटून घेतले.

"आता माझं उरका," खर्डेकर खुशीत म्हणाले.

"गगनवेधचा वेग १६.१ होता," हेमांगी म्हणाली. "वळणाचा वाटा २.९८ मीटर. तीन मीटरांच्या आतला."

"ऐकलंत?"

"प्रत्यक्षात तो ४.६० बाहेर गेला."

सबनीसांनी कागदावर वजाबाकी केली. "वरचे एक मीटर बासष्ट सेंटिमीटर कुठून आले, खर्डेकर? आणि मोकळ्या झालेल्या कठड्याकडून जो बिनबोभाट पुढे गेला, तो घोडा कोणाचा?"

तोही खर्डेकरांचाच होता, आणि पैजेत एकास वीस देणारा.

"सूत्र चुकीचं आहे!" ते ओरडले.

हेमांगीने त्यांच्या सहीचा कागद उलगडून समोर ठेवला. "मग तसं लिहून द्या, रावसाहेब. पण यंत्रस्वाराला दिलेले हुकूम यंत्रातच नोंदलेले असतात. सूत्र बाजूला ठेवलं, तर साहेब तेच उघडतील."

खर्डेकरांनी पेन उचलले. बराच वेळ ते नुसतेच हातात धरून बसले.

"घाई नाही," हेमांगी म्हणाली. "आम्ही आठ वर्षं थांबलो."