मी पळवतो, तू उडव

डॉक्टर म्हणाले अंगठा हलला पाहिजे, म्हणून मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी माहेरी तिवस्याला गेले आणि माळ्यावरचा टीव्ही गेम उतरवून अकोल्याला आणला. काम एवढंच होतं.

रागिणी माझी लेक, पाच वर्षांची. मार्चमध्ये मी गच्चीवर कुरडया घालत होते, तेव्हा ती पाण्याच्या टाकीच्या ओट्यावरून उडी मारायला गेली आणि पडली. हात कोपराशी मोडला. मी सोऱ्या दाबत होते, पाठ तिच्याकडे होती. एवढ्याशा वेळात झालं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण उजव्या हाताचा अंगठा काही वाकेना. शीर दबली म्हणाले. येत्या सोमवारपर्यंत थोडा जरी वाकला तर पुढे आपोआप येईल, नाहीतर नागपूरला ऑपरेशन. तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नव्हतं. पोरगी झोपली की मी तिचा अंगठा बघत बसायची. जेवली का, न्हाली का, सगळं नंतर, आधी अंगठा.

गेम माझ्या भावाचा, नितेशदादाचा. तो सतरा वर्षांचा असताना गेला. त्याला आता चौदा वर्षं झाली.

"नेऊ नको व ते," माय म्हणाली. पार्वताबाई माझी आई, सहसा कशाला नाही म्हणत नाही. "त्याचं हाय."

"पोरीच्या अंगठ्यासाठी नेतो माय. बटनं दाबली तर बोट चालू होईल."

तिनं गेमच्या डब्यावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "ने मंग. पण आतल्या साली फेकून देजो."

डब्यात खरंच संत्र्याच्या साली होत्या, वाळून काळ्या झालेल्या. दादा संत्रं सोलता सोलता खेळायचा. बटणं चिकट व्हायची आणि माय त्याच्या नावानं ओरडायची. दोन रिमोट निघाले. एकाची वायर धड होती. दुसऱ्याची टोकाशी तुटलेली, वरून उंदरानं कुरतडलेली.

ती तुटकी वायर बघून मला एसटीत अमरावतीपर्यंत रडू येत राहिलं. का, ते सांगते.

गेममध्ये एक टिकलीएवढा गडी आहे. डोकं पांढरं, कापसाच्या बोंडासारखं, म्हणून दादानं त्याला नाव ठेवलं होतं बोंड्या. बोंड्यानं उजवीकडे पळत जायचं, फळ्यांवरून उड्या मारायच्या, वटवाघळं चुकवायची, खड्ड्यात पडायचं नाही. दादा मला दुसरा रिमोट द्यायचा आणि म्हणायचा, "मी पळवतो, तू उडव." मी बटण दाबलं की बोंड्या उडायचा. दोन वर्षं मी उडवला. सातवीत असताना एक दिवस टीव्हीच्या मागे झाडायला गेले, तर माझ्या रिमोटची वायर तिथं नुसती खोचलेली. टोक तुटलेलं. पहिल्या दिवसापासून.

मी अबोला धरला. दोन दिवस तो माझ्या मागे फिरला. "खोटं नोयतं व, गंमत होती. तू दाबे तेव्हाच मी उडवो न?" मी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जाऊ दे, अमरावतीहून तुले नवा रिमोट आणून देतो. मंग तर बोलशील?" तरी मी बोलले नाही. तो मित्राच्या गाडीवर गेला आणि मोझरीच्या अलीकडे ट्रक आला. मायनं अंथरूण धरलं. माझी शाळा तिथंच सुटली. अबोलाही तसाच राहिला. सोडायला माणूसच नव्हता.

असो. जठारपेठेत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. रागिणीचे पप्पा मेडिकलच्या दुकानात कामाला, सकाळी जातात ते रात्रीच येतात. जाण्याआधी त्यांनी पिवळी-पांढरी पिन टीव्हीत खुपसून दिली. कॅसेटमध्ये मी फुंकर मारली, जशी दादा मारायचा. गाणं वाजलं, बोंड्या आला.

पण पोरीचा अंगठा बटणावर नुसता टेकायचा, दाबायचा नाही. पहिल्याच खड्ड्यात बोंड्या पडला. परत पडला. सात-आठ वेळा पडला.

"आई, तो माह्यासारखा पडून राहिला," असं म्हणून तिनं रिमोट फेकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं जे दादानं माझ्याशी केलं होतं. तुटक्या वायरचा रिमोट तिच्या हातात दिला, टोक टीव्हीमागे खोचलं, खरा रिमोट माझ्याकडे. "मी पळवते, तू उडव." तिच्या हाताची हालचाल दिसली की मी बटण दाबायची. पोरगी हसायला लागली. अंगठा नाही वाकला, पण तिनं जोर लावणं सुरू केलं. खोटं बोलून पोरीला हसवताना दादा मला पहिल्यांदा कळला.

खालच्या घरमालकीण माणिकबाई मात्र रोज टोमणा मारायच्या. "काय व प्रणाली, दिवसभर टुक टुक! पोट्टी खेळते का तूच?"

"दोघी खेळतो काकू."

"खेळा बाप्पा. दुपारी बारा ते चार आवाज कमी ठेवजा फक्त. ती वेळ चांगली नसते."

भीती म्हटली की लोकांना रात्र आठवते. त्यांनी अकोल्यातली वैशाखातली दुपार पाहावी. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. खिडक्यांना ओल्या चादरी, आत अंधार, फक्त कूलरची घरघर आणि वाळ्याचा वास. आपल्याच घरात आपलं पाऊल ऐकू येतं.

रविवारी, म्हणजे डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी, रागिणीच्या पप्पांचं दुकान चालूच होतं. अडीच वाजले असतील, आम्ही दोघी खेळत होतो. तिसऱ्या पडद्यावरचा तो रुंद खड्डा होता, जो मला कधीच जमला नव्हता. तेवढ्यात खालून माणिकबाई ओरडल्या.

"अव प्रणाली! वावधान सुटलं व, तुह्या कुरडया उडून राहिल्या!"

मी खरा रिमोट फरशीवर ठेवला आणि गच्चीवर धावले. वावटळीच्या गरम धुळीत डोळे उघडेनात. सकाळी वाळत घातलेल्या कुरडयांची चादर गोळा केली, खाली उतरू लागले, आणि जिन्यातच थांबले.

आतून आवाज येत होता. टुक... टुक... टुईं.

दोन छोट्या उड्या, मग एक लांब. मी अशी खेळत नाही. कोणीच खेळत नाही. दोन लहान उड्या वायाच जातात. पण दादाला सवय होती, मोठी उडी घ्यायच्या आधी बोंड्याला दोनदा जागच्या जागी उडवायची. "गडी तयार करून राहिलो," म्हणायचा.

टुक... टुक... टुईं.

दार लोटलं. रागिणी मांडी घालून बसली होती, हातात तुटका रिमोट. खरा रिमोट मी ठेवला होता तिथंच फरशीवर, तिच्यापासून दोन हात लांब. पडद्यावर बोंड्या पळत होता... थांबत होता... दोनदा उडून तिची वाट बघत होता.

"रागिणी... कोण पळवते बेटा?"

"मले नाही माहीत. मी तं उडवून राहिली," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "पाय न आई, आता पडत नाही तो."

कूलर चालू असून माझ्या पाठीवरून घाम ओघळला. आणि वास आला. वाळ्याचा नव्हे.

मी टीव्हीच्या बटणाकडे झेपावले. हात स्विचवर ठेवला. बंद करायचं, पोरीला उचलायचं, खाली पळायचं, एवढंच डोक्यात. माझं एकुलतं लेकरू आहे, आणि जे गेलेलं आहे ते लेकराजवळ येऊन बसलंय... काय मागायला? आणि नेमकं तेव्हाच मला तिचा हात दिसला.

अंगठा वाकत होता.

थोडासा. सांध्यात. बोंड्या दोनदा उडाला की अंगठा थरथरत खाली जायचा, बटण दाबलं जायचं, आणि बोंड्या लांब उडी घ्यायचा. दाबलं नाही तर तो थांबायचा. कितीही वेळ. वटवाघूळ येऊन डोक्यावरून गेलं तरी थांबायचा, पण तिच्यासाठी थांबायचा.

मी स्विचवरचा हात काढला. तिच्या शेजारी खाली बसले. चौदा वर्षांत जे निघालं नव्हतं ते कसंबसं काढलं.

"दादा... मी बोलून राहिली तुह्याशी. आयकतं का?"

बोंड्या उभा राहिला. एकदा उडाला. दुसऱ्यांदा उडाला.

"आता," मी लेकीच्या कानात म्हटलं. "दाब आता."

तिनं दाबलं. तो रुंद खड्डा बोंड्यानं पार केला, आणि त्याच क्षणी लाईट गेली. कूलर बसत बसत थांबला. पडदा काळा. खाली माणिकबाई वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या. आणि त्या काळ्या पडद्यातून, अगदी हळू, आणखी एकदा आलं... टुक... टुक...

पुढचा आवाज आला नाही. रागिणीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "दमला तो," म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांनी तिचा अंगठा दोन बोटांत धरला. "वाकव बघू." तिनं आधी हात दोनदा हवेत हलवला, मग अंगठा वाकवला. डॉक्टर हसले. "हे दोनदा काय करतेस?" ती म्हणाली, "गडी तयार करून राहिली." मी तिला ते शब्द कधी सांगितले नव्हते. नागपूर टळलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी मायला फोन केला. नुसतं माय म्हटलं. तीच म्हणाली, "समजलं मले. रड."

आता रागिणी खरा रिमोट घेऊन खेळते, स्वतःच पळवते, स्वतःच उडवते, आणि माणिकबाईंना हरवते. त्या म्हणतात पोट्टी खोटं खेळते.

काल दुपारी ती खालीच होती. मी टीव्हीचा पडदा पुसला आणि गेम लावला. बोंड्या त्या रुंद खड्ड्याच्या काठावर उभा होता. गेम नव्यानं लावला की पहिल्या पडद्यापासून सुरू होतो, हे मला माहीत आहे. खरा रिमोट गुंडाळून फळीवर होता. मी फरशीवर बसले आणि तुटका रिमोट हातात घेतला, सातवीत घ्यायची तसा. वायरचं टोक माझ्या पायाशी मोकळं पडलं होतं.

बोंड्या एकदा उडाला. दुसऱ्यांदा उडाला. आणि थांबला.

मी अंगठा बटणावर ठेवला. बटण ओलसर होतं, चिकट. अंगठा नाकाशी नेला.

वैशाखात अख्ख्या अकोल्याच्या बाजारात संत्रं मिळत नाही. पण वास ताजा होता, आत्ताच कोणी सोललं असावं असा.