उजव्या हाताला समुद्र

उर्वी तंबू घ्यायला गेली होती, नवरा बघायला नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे अर्विंगच्या मराठी मंडळात जो तो या गोष्टीला आपापलं तिखटमीठ लावून सांगायला लागला.

मार्चमधला शनिवार. टेक्सासचं आभाळ असं भरून आलेलं, की शहाण्या माणसाने घरी बसून भजी तळावीत. पण जुन्या सामानाच्या ऑनलाइन ग्रुपवर एका माणसापुरता तंबू निघाला होता, तोही मातीमोल भावात, आणि उर्वीला तो हातचा घालवायचा नव्हता. दिलेल्या पत्त्यावर ती पोचली तर अपार्टमेंटमागच्या हिरवळीवर एक उंच, चष्मेवाला तरुण तंबूची पिशवी बगलेत धरून फोनवर बोलत होता. "हो काकू, सोडतो ना एअरपोर्टला... नाही नाही, त्रास कसला."

दोन दिवस दोघांनी एकमेकांना अगदी सुटाबुटातल्या इंग्रजीत मेसेज पाठवले होते. उर्वीला हसू फुटलं. "मराठीच आहात की," ती म्हणाली, आणि तो इतका गोंधळला की त्याने उत्तर फोनवरच्या काकूंनाच दिलं, "हो, सांगलीचा."

त्याचं नाव सुशांत. तंबू त्याचा नव्हताच. मंडळातले कुमारकाका तीस वर्षांनी पुण्याला परत निघाले होते आणि घरातलं सामान विकायचं काम त्यांनी याच्या गळ्यात मारलं होतं. सुशांतला नाही म्हणता येत नाही, हे अर्विंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचे आईवडील आणायचेत, कुणाचा सोफा उचलायचाय, गणपतीत मोदकांची ऑर्डर घेऊन यायचीय... करा सुशांतला फोन. आयटीतली नोकरी तो मधल्या वेळात करायचा म्हणा ना.

उघडून दाखवल्याशिवाय विकणार नाही, असा त्याचा हट्ट. तंबू उभा राहिला, दोघं आत डोकावली, आणि पाऊस कोसळला. एका माणसाच्या तंबूत दोन माणसं, गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून अंग चोरून बसलेली. कापडावर थेंबांचा ताशा, ओल्या गवताचा वास.

"कुठे निघालात?" शेवटी त्याने विचारलं.

"वेस्ट कोस्ट. पोर्टलंडपासून सॅन दिएगोपर्यंत, मेमध्ये. गाडी भाड्याने घेऊन... एकटीच."

आता 'भीती नाही वाटत?' येणार, म्हणून उर्वीने उत्तर तयार ठेवलं. आजवर प्रत्येकाने तेच विचारलं होतं. सुशांतने चष्मा पुसला. "वरून खाली येताय, हे बेस्ट. समुद्र उजव्या हाताला राहतो, आपल्याच बाजूला. वाटेल तिथे गाडी बाजूला घ्यायची. खालून वर गेलात तर मध्ये समोरच्यांच्या गाड्याच बघत बसायच्या."

उर्वी त्याच्याकडे बघतच राहिली. मग काय झालं कुणास ठाऊक, जे तिने आईलाही धड सांगितलं नव्हतं ते तिने या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. दादा इंजिनिअर म्हणून ती इंजिनिअर. कंपनीने पाठवलं म्हणून नागपूरहून टेक्सासला. आईची मैत्रीण इथे राहते म्हणून तिच्याकडेच खोली. मैत्रिणींबरोबर हीच ट्रिप तीनदा ठरली आणि दरवेळी त्यांच्यातल्या अनिकाच्या एका मेसेजवर कॅन्सल झाली. "एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मी स्वतः ठरवलीय," ती म्हणाली. "ही ट्रिप. बजेट तोकडं आहे... पण माझी आहे."

नेमका त्याच वेळी छतातून एक टपोरा थेंब सुशांतच्या नाकावर पडला.

"गळतोय," तो म्हणाला.

"दिसतंय."

"घेऊ नका."

"घेणार. विकणारा प्रामाणिक आहे."

सुशांतचे कान लाल झाले, हे तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढचे शनिवार मॅकार्थर बुलेव्हार्डवरच्या चहाच्या दुकानात गेले. तंबूची शिवण बंद करून देतो, हे निमित्त. मग नकाशा उघडला तो उघडाच राहिला. सुशांतने दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर तोच रस्ता केला होता, आणि पैसे वाचवायच्या बाबतीत तो चांगलाच बिलंदर निघाला. गाडी एअरपोर्टवरून घ्यायची नाही, शहरातल्या ऑफिसातून घ्यायची, स्वस्त पडते. ओरेगनच्या स्टेट पार्कांत तंबूला जागा मिळते, हॉटेलपेक्षा कितीतरी कमी पैशांत, आणि गरम पाण्याची अंघोळसुद्धा होते. कॅलिफोर्नियात शिरण्याआधी टाकी फुल करायची, पलीकडे पेट्रोल महाग. शेगडीच्या गॅसचा छोटा डबा विमानात चालत नाही, तो तिकडेच घ्यायचा. भाजणी मात्र इथून न्यायची. तव्याशिवाय थालीपीठ कसं लावायचं, असं उर्वीने विचारलं, तर तो म्हणाला, पातेल्याच्या झाकणावर.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एका शनिवारी चहाचा पहिला घोट घेऊन उर्वी थबकली.

"एवढं आलं?"

"तुला आवडतं म्हणाली होतीस."

"कधी?"

"मागे... सहज बोलता बोलता."

तिने चहा तळापर्यंत संपवला.

आणि मग रत्नामावशींना कळलं. रत्नामावशी म्हणजे उर्वीची घरमालकीण, आईची शाळेतली मैत्रीण. अर्धं आयुष्य अमेरिकेत काढूनही 'ओळखीचं घर असताना हॉटेल कशाला' या मतापासून बाई तसूभर हललेल्या नव्हत्या. इथे तर हॉटेलही नाही, पोरगी तंबूत झोपणार. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मराठी मंडळांच्या ग्रुपवर टाकलं, आमची उर्वी एकटी निघाली आहे, वाटेत कुणी आहे का. झालं. संध्याकाळपर्यंत सिएटलपासून सॅन दिएगोपर्यंतच्या काकूंनी दारं सताड उघडली. कुणी पुरणपोळी कबूल केली, कुणी पुढच्या काकूंकडे गोड्या मसाल्याचा डबा पोचवायला सांगितला, आणि एकीचा भाचा नेमका त्याच आठवड्यात घरी असणार होता.

सुशांतने ती सगळी घरं नकाशावर मांडली आणि हसायला लागला. एकही घर समुद्राजवळ नव्हतं. सगळी आतल्या हायवेवर, कंपन्यांच्या गावांत. "हा वेस्ट कोस्ट नाही," तो म्हणाला, "हा काकू कोस्ट आहे."

उर्वीला हसू येईना. एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं? दोघांनी मिळून नकाराचा मेसेज लिहायला घेतला. आता नाही म्हणता न येणारी दोन माणसं नकार लिहायला बसली की जे व्हायचं तेच झालं. पानभर आभार मानून झाले आणि नकाराचा पत्ता नाही. दुकान बंद व्हायची वेळ आली तेव्हा उर्वीने सगळं खोडलं आणि सरळ लिहिलं, तुमची माया पोचली, पण मला समुद्राच्या कडेकडेने, एकटीनेच जायचं आहे, फक्त पोर्टलंडच्या शुभाकाकूंकडे पहिली रात्र राहीन. मेसेज पाठवून तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. हात त्यावरच दाबून धरला. सुशांतचा हात टेबलावरून निघाला... अर्ध्यात थांबला... आणि त्याने नुसताच चहाचा कप तिच्याकडे सरकवला. त्याने हात धरला असता तर बरं झालं असतं, असं तिला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

मावशी दोन दिवस फुगून बसल्या. मग जेवताना त्यांनी हळूच नवा डाव टाकला. त्या सुशांतला घेऊन जा ना. मुलगा चांगला आहे, खर्च अर्धा होईल, आणि तिकडे तुझ्या आईला झोप लागेल.

उर्वी वरणभात कालवत राहिली. खर्च अर्धा हे कारण चांगलं होतं, कुणालाही सांगता येण्याजोगं. खरं कारण हे की हल्ली नकाशावर कुठेही बोट ठेवलं की तिथे तिला तोच उभा दिसायचा. शनिवारी तिने नजर कपातच ठेवून विचारलं, "येतोस का?" आणि घाईघाईने जोडलं, "खर्च अर्धा होईल... मावशी म्हणत होत्या."

सुशांतने नकाशावरचं बोट उचललं. तो कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"नाही," तो म्हणाला.

अख्ख्या अर्विंगमध्ये ज्या माणसाच्या तोंडून कुणी हा शब्द ऐकला नव्हता, त्याने तो पहिल्यांदा म्हणावा, तर तिला. उर्वी "बरं" म्हणाली, पर्स उचलली आणि चहा तसाच टाकून निघाली. गाडीत बसून रडली, मग रडल्याबद्दल स्वतःवरच चिडली. जगाचे सोफे उचलायला वेळ आहे याला. तिला इतका अपमान झाल्यासारखं वाटलं की ट्रिपच रद्द करावी, असंही एकदा मनात आलं.

गुरुवारी संध्याकाळी तो दारात उभा. हातात दुरुस्त केलेला तंबू. स्वयंपाकघरात मावशींनी मिक्सर बंद केला.

"मला यायचंय," ना नमस्कार ना चमत्कार, त्याने सुरुवातच अशी केली. "इतकं यायचंय की मी सुट्टीसुद्धा टाकली होती. पण उर्वी... तू म्हणालीस, ही एकच गोष्ट तू स्वतः ठरवलीस. मी त्यात शिरलो तर तीही मावशींनी ठरवलेली होईल. आणि पुढे कधीतरी तुला वाटेल, याच्यासाठी मी माझी ट्रिप सोडली. ते मला सहन होणार नाही. म्हणून नाही म्हणालो." तो थांबला. "फार जड गेलं."

उर्वीने तंबू हातात घेतला. काय काय बोलावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं ते, "शिवण नीट बसलीय ना?"

"बादलीभर पाणी ओतून पाहिलं. नाही गळत."

दोघं तशीच उभी राहिली. मिक्सर अजून बंदच होता. मावशी श्वाससुद्धा रोखून असाव्यात.

मे उजाडला आणि उर्वी निघाली. शुभाकाकूंनी पोटभर जेवू घातलं, डब्यात लाडू दिले, आणि नाही जमलं तर सरळ परत ये, किनारा इथून दोन तास तर आहे, असं चारचारदा बजावलं. ओरेगनच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा समुद्र करडा होता आणि वारा असा, की तंबूचं कापड हातातून सुटून पळायचं. दोनदा फसली, तिसऱ्यांदा तंबू उभा राहिला. थालीपीठ एका बाजूने करपलं, दुसऱ्या बाजूने कच्चं राहिलं. आजूबाजूला सगळी जोडपी, कुटुंबं, त्यांची कुत्री. अंधार पडायला लागला तशी ती घडीघडी मागे वळून बघू लागली. दोन तास तर आहे... गाडीची किल्ली तिने हातात घेतलीसुद्धा. मग स्वतःलाच म्हणाली, बस गं गपचूप, आणि स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढली.

सकाळी चेन उघडली तर धुकं वर सरकत होतं आणि ओला किनारा लांबच लांब रिकामा पडला होता. ती अनवाणी चालत पाण्यापर्यंत गेली. जमलं की मला, असं तिच्या मनात आलं आणि तिला इतका आनंद झाला की ती एकटीच खदाखदा हसली. त्यानंतर मागे फिरायचं तिच्या मनातही आलं नाही. रेडवुडच्या जंगलात ती मान दुखेपर्यंत वर बघत बसली. मनात आलं तिथे थांबली, नाही आलं तिथे नाही. रोज एक फोटो सुशांतला जायचा, त्याचं एखाद्या ओळीचं उत्तर यायचं. परत कधी येणार, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

बिग सूरच्या कड्यांवर फोनला रेंज गेली ती गेलीच. तिथला मुक्काम आटोपून दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली सॅन सिमिऑनजवळ आली, तेव्हा फोन पुन्हा जिवंत झाला. किनाऱ्यावर सोंडेसारख्या नाकांचे धिप्पाड एलिफंट सील पसरले होते, एकमेकांच्या अंगावर रेलून, नाकाने भलभलते आवाज काढत. उर्वीने त्यांच्याकडे बघत फोन लावला.

"ही कसली घरघर?" सुशांतने घाबरून विचारलं. "गाडी बिघडली का?"

"सील आहेत. घोरतायत. सुशांत, ऐक... मध्ये बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल."

"बरं."

"मला तू आवडतोस. खर्च वाचतो म्हणून नाही, मावशी म्हणाल्या म्हणून नाही. काल दिवसभर रेंज नव्हती, शेजारी कुणी नव्हतं, सल्ला द्यायला तर कुणीच नव्हतं. तेव्हा ठरवलंय. ट्रिप ही मी स्वतः ठरवलेली पहिली गोष्ट. तू दुसरी."

इकडे एक धटिंगण सील फुरफुरला.

"आहेस ना?"

"आहे... खाली बसलोय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये." त्याचा आवाज ओला झाला होता. "मी काय सांगू उर्वी. मी तर मार्चपासूनच..."

"मार्चपासून काय?"

"तुझा."

तिला पुढचं काही दिसेना. समुद्र, सील, रस्ता, सगळं डोळ्यांतल्या पाण्यात हलायला लागलं.

"सॅन दिएगोला येऊ? आत्ता तिकीट काढतो."

हो अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते तिथेच थांबवलं. "नको," ती म्हणाली, "अजून दोन दिवसांचा रस्ता उरलाय, तो माझा आहे. मग मी येते... तुझ्याकडे."

तो हसला. इतकं मोकळं हसताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला, "सावकाश ये."

उर्वीने ओढणीने डोळे पुसले आणि गाडी दक्षिणेकडे काढली.