एक्केचाळीसावा भाग

खोटं वाटत असेल तर शिरड शहापूरला या आणि आमच्या ओसरीतली फरशी स्वतः बघा. कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. ॲसिड टाकून घासला. जात नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. यंदाच्या फेब्रुवारीपासून माझ्याच घरात चालू आहे.

द्वारकाबाई माझी आत्या. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, ती आमच्याकडेच राहिली. अकरा वर्षं तिने एकच सिरियल बघितली. त्यात रेवती नावाच्या बाईची लहान लेक हरवते आणि ती तिला शोधत फिरते. रोज साडेसात म्हणजे साडेसात. गल्लीतल्या बाया डाळ निवडायला घेऊन यायच्या. आत्या कोपऱ्यात बसून मिसरी लावायची आणि राखेच्या डब्यात थुंकायची.

मला त्या डब्याची किळस यायची.

मग चॅनलने सिरियल बंद केली. उरलेले एक्केचाळीस भाग फक्त ॲपवर. बाया येईनाशा झाल्या. घरात जो तो आपापल्या फोनमध्ये तोंड खुपसून. मी डिशचा रिचार्जही मारणं सोडलं. आत्या मात्र साडेसातला काळ्या टीव्हीसमोर बसून राहायची.

"भागवता, रेवतीला लेक सापडली का रे? तुझ्या फोनात हाय म्हणत्यात. काहून दाखवीना?"

"दाखवतो आत्या, नंतर."

दोन वर्षं झाली, नाही दाखवलं. खाटेला खिळली तेव्हाही तिने तेच विचारलं. मी कानातला इअरफोन न काढताच मान हलवली. थू माझ्या जिनगानीवर.

फेब्रुवारीत ती गेली. दहाव्याला पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे...

एकही खाली येईना.

भावकीतले सोनाजीकाका म्हणाले, "बाईचं कायतरी राह्यलं बघ. बोल पोरा, काय ते बोल."

वर्षश्राद्ध करतो म्हणालो. तिच्या नावाने शाळेला पंखा देतो म्हणालो. ऊन डोक्यावर आलं. कावळे ढिम्म.

शेवटी मी हळूच म्हणालो, "आत्या, रोज साडेसातला एक भाग दाखवतो. शेवटापर्यंत."

सगळे एकदम उतरले...

चार दिवस तिच्या कोपऱ्यात फोन लावून बसलो. पाचव्या दिवशी कंटाळा आला. फोन खिशात टाकला आणि रिकाम्या कोपऱ्याला म्हणालो, "सापडली बघ लेक. संपली सिरियल." आणि चहाला निघून गेलो. सापडली की नाही, मला माहीत नव्हतं.

आठ वाजता परत आलो तर ओसरीत वास...

मिसरीचा.

डबा तर मी केव्हाच उकिरड्यावर फेकला होता. पण कोपऱ्यात फरशीवर थुंकी होती. ओली, तपकिरी, तार धरलेली. बोट लागलं तर कोमट.

मला भडाभडा ओकारी झाली. माझी बायको वैष्णवी फडकं घेऊन आली, तिनेही नाकाला पदर लावला.

आपण जेवढं बघितलं तेवढी त्या ॲपमध्ये चित्राखाली लाल रेघ भरते. फोन उघडला. पाचवा भाग मी लावलाच नव्हता...

त्याची रेघ पूर्ण भरलेली.

दुसऱ्या दिवशी सहावा. मग सातवा. एकदा मी हळद घेऊन हिंगोलीला मार्केटमध्ये होतो. साडेसातला खिशातला फोन एवढा तापला की मांडीला चटका बसला. घरी आलो तर वैष्णवी फरशी पुसत होती. "रोजची घाण मी न्हाई काढणार," एवढंच बोलली. मी ॲप काढून टाकलं. सकाळी परत फोनात.

काल दुपारी न राहवून वैष्णवीच्या फोनवर शेवटचा भाग बघितला.

रेवती म्हातारी झाली आहे. दारावर थाप पडते. ती उठते, कडीला हात घालते...

आणि संपलं. पुढे काही नाही. बघणारे कमी पडले म्हणून कंपनीने पुढचं काढलंच नाही. अकरा वर्षं बायांना नादी लावलं आणि तिथं आणून सोडून दिलं. कसली ही माणसं! पण त्यांना शिव्या घालून काय करू? कावळ्यांसमोर शब्द मी दिला होता. शेवटापर्यंत दाखवतो म्हणालो होतो, आणि त्या सिरियलला शेवटच नाही.

आज एक्केचाळीसावा भाग आहे. सात वाजून वीस मिनिटं झाली आहेत. वैष्णवी लेकराला घेऊन शेजारी गेली. मी नवा डबा आणला, राख भरली, कोपऱ्यात ठेवला.

वास आत्ताच यायला लागलाय...

आठ वाजता ती विचारणार, "पुढं काय झालं रे भागवता?" आज खोटं बोलायची माझी हिंमत नाही, आणि खरं सांगायला माझ्याजवळ काही नाही.

इअरफोन काढून ठेवलाय. तिच्या शेजारी फरशीवर बसलोय.